पुरात बुडालेला ट्रॅक्टर किंवा जीप: सेल्फ मारण्याआधी करायची कामं, क्रमाने

सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा या नद्या फुगल्या की काठच्या शेतात आणि वाड्यावस्तीवर उभी असलेली वाहनं बोनेटपर्यंत पाण्यात जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात हे गावोगाव झालं. पाणी ओसरलं की रब्बीची पेरणी डोक्यावर असते, म्हणून घाईत पहिली गोष्ट होते ती म्हणजे सेल्फ मारून बघणं. उभं इंजिन बुडाल्याने सहसा मरत नाही. ते मरतं या पहिल्या सेल्फने.

कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तीन सिलिंडरच्या, २७०० सीसीच्या ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. एका सिलिंडरची जागा ९०० सीसी. कॉम्प्रेशन (हवा दाबण्याचं प्रमाण) सतरास एक धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साधारण ५५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहाएवढी. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन अडतो, पण सेल्फचा जोर थांबत नाही आणि पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का स्टार्ट तर याहून वाईट, कारण तिथे अख्ख्या वाहनाचं वजन त्या रॉडवर येतं.

खालचा क्रम साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आणि जुन्या डिझेल जीपसाठी आहे. कॉमन रेल इंजिन (ज्यात डिझेल खूप दाबाने आणि संगणकाच्या हुकमाने सोडलं जातं) जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी दोन प्रश्नांची उत्तरं

बुडताना इंजिन बंद होतं की चालू? बंद उभ्या वाहनात पाणी हळूहळू झिरपतं, अशी इंजिनं बहुतेक वेळा वाचतात. पुलावरून किंवा ओढ्यातून जाताना पाणी ओढून इंजिन धाडकन बंद पडलं असेल, तर रॉड वाकला आहे असंच धरून चला. टप्पा ५ मधली आऱ्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाणी कुठपर्यंत चढलं? काळ्या मातीची रेघ वाहनावर स्पष्ट उमटलेली असते. ती धुण्याआधी फोटो काढा: चारही बाजूंनी, बोनेट उघडून, नंबर प्लेटसह. विमा असेल तर काहीही खोलण्याआधी कंपनीला कळवा. इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली असावी लागते. तुम्ही आधी सेल्फ मारला असेल, तर ती जोड असूनही वाद होतो.

## टप्पा १: सामान आधी जमवा

अर्धं काम खोलून सामानासाठी तालुक्याला गेलं की उघडं लोखंड रात्रभर गंजतं. लायनरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर) गंज चढायला एक दमट रात्र पुरते. म्हणून सगळं हाताशी आल्यावरच पाना लावा.

- पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल, तीन भरण्यांपुरतं. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, ७ लिटरचं असेल तर २१ ते २२ लिटर. पहिल्या दोन भरण्यांसाठी स्वस्तातलं चालेल, पण ग्रेड तोच हवा.
- ऑइल फिल्टर ३, डिझेल फिल्टरचा पूर्ण संच, एअर फिल्टर.
- प्रत्येक नोझलसाठी (सिलिंडरमध्ये डिझेल फवारते ती) तांब्याचा नवा वॉशर, ड्रेन नटाचे वॉशर.
- धुण्यासाठी ५ लिटर डिझेल आणि टाकीत भरायला १० लिटर ताजं.
- गिअर ऑइल आणि हायड्रॉलिकचं ऑइल, पुस्तिकेतल्या मापाने.
- २ किलो ग्रीस आणि ग्रीस गन.
- २० मिलिलिटरची सिरिंज, तिच्या टोकाला बारीक नळी.
- सायकलचा एक सरळ आरा.
- दोन काचेच्या किंवा पारदर्शक बाटल्या.
- हवेचा कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याचा लहान कॉम्प्रेसर चालतो.
- प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या आणि रबर, उघडी तोंडं बांधायला.
- एक सपाट फळी, एअर इनलेटचं तोंड पूर्ण झाकेल एवढी. ती कशासाठी, ते टप्पा ९ मध्ये येईल.

सावधान: बोनेट उघडताना आणि सीट उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. पुरातून निसटलेले साप आणि विंचू नेमके या कोरड्या कोपऱ्यांत बसतात.

## टप्पा २: बॅटरी तोडा, क्लच दाबून बांधा, मग ओढा

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, पॉझिटिव्ह नंतर. बॅटरी बाहेर काढून कोरड्या जागी ठेवा. कॉमन रेल गाडीत किल्ली नुसती ऑनसुद्धा करू नका. ओल्या ईसीयूत (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि कनेक्टरांत करंट गेला की पिना हिरव्या पडतात आणि शॉर्ट होण्याचा धोका असतो.

क्लचचं काम बहुतेक जण विसरतात. क्लच प्लेट ओली राहून फ्लायव्हीलला गंजाने चिकटते, आणि मग इंजिन सुरू झालं तरी गिअर पडत नाही. पेडल पूर्ण दाबून खाली लाकडाचा ठोकळा अडकवा किंवा दोरीने बांधा. क्लच हाउसिंगच्या तळाशी लहान भोक असतं, काही ठिकाणी त्यात स्प्लिट पिन असते. ती काढा, पाणी गळून जाईल.

ओढताना गिअर न्यूट्रल, हाय-लोचा लिव्हरही न्यूट्रल. जीपमध्ये ट्रान्सफर केसही न्यूट्रल. अंतर लांब असेल तर ट्रॉलीवर चढवून न्या, कारण गिअरबॉक्समध्ये पाणी असताना चाकं फिरली की बेअरिंग कोरडी घासतात.

## टप्पा ३: माती ओली असतानाच धुवा

मराठवाड्यातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून दगडासारखी होते. रेडिएटरच्या जाळीत किंवा अल्टरनेटरच्या खिडक्यांत ती एकदा वाळली, की निघता निघत नाही. त्यामुळे वाहन उन्हात वाळत ठेवणं हा उलटा उपाय आहे. आधी धुवायचं, मग वाळवायचं.

साध्या पाइपच्या पाण्याने धुवा, वरून खाली. रेडिएटर फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा झोत ऑइल सील, ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोटी), डिझेल पंप आणि वायरिंगच्या सॉकेटवर मारू नका. पुराचं पाणी जिथे गेलं नव्हतं, तिथे तो झोत पाणी घालतो.

नोझलभोवतीची खाच, ऑइल फिल्टरची बूड आणि डिझेल पाइपांची टोकं डिझेल आणि ब्रशने वेगळी साफ करून हवा मारा. पुढच्या टप्प्यात हीच तोंडं उघडायची आहेत. तिथे राहिलेला खडा सरळ सिलिंडरमध्ये पडतो.

## टप्पा ४: ऑइल सोडा आणि ते वाचा

चेंबरखाली स्वच्छ घमेलं ठेवा आणि ड्रेन नट अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. त्यामुळे बाहेर येणारी धार बरंच काही सांगते.

- आधी स्वच्छ किंवा गढूळ पाणी, मग काळं ऑइल: बुडाल्यानंतर इंजिन कुणी फिरवलेलं नाही. चांगली खूण.
- दुधाच्या चहासारखं पातळ, एकजीव: इंजिन पाण्यासकट फिरलं आहे. घरातल्या कुणीतरी सेल्फ मारला असेल तर आत्ताच विचारून घ्या.
- मापाइतकंच, काळं, नितळ ऑइल: पाणी कदाचित आत गेलेलंच नाही. तरीही ऑइल बदलायचंच.

किती निघालं ते मोजा. ७ लिटरच्या चेंबरमधून १० लिटर निघालं, तर ३ लिटर पाणी होतं.

तपासणी: निघालेल्या ऑइलमधलं पेलाभर पारदर्शक बाटलीत घ्या, तेवढंच डिझेल घालून हलवा आणि तासभर ठेवा. तळाशी गाळाचा थर बसला तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी धुवावी लागेल. काळी माती इतकी बारीक असते की बोटांवर चोळून करकर जाणवेलच असं नाही, म्हणून बाटलीचीच परीक्षा घ्या.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकणही उघडा. रॉकरवर चिखल असेल तर डिझेलने धुवून काढा आणि हे धुतलेलं डिझेल खालून पूर्ण गळू द्या.

सावधान: चेंबरमध्ये डिझेल भरून इंजिन चालवून "धुणं" ही जुनी सवय बेअरिंगच्या जिवावर उठते. डिझेलला ऑइलची ताकद नसते. धुवायचं तर स्वस्त ऑइलनेच.

आता पहिली भरणी करा: नवा फिल्टर, नवं ऑइल, खुणेपर्यंत. इंजिन अजून सुरू करायचं नाही.

## टप्पा ५: सिलिंडर रिकामे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

हवेचा मार्ग. एअर क्लीनर खोला. ऑइल बाथ असेल तर वाटीतलं चिखल-ऑइल टाकून वाटी आणि जाळी डिझेलने धुवा. कागदी फिल्टर भिजला असेल तर फेकून द्या, वाळवलेल्या कागदातून धूळ पार होते. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवा. आत माती लागली, तर पाणी सिलिंडरच्या दारापर्यंत पोचलं होतं. टर्बो असेल तर त्याचा पंखा बोटाने फिरवून पाहा. तो सहज फिरला पाहिजे आणि कुठेही घासता कामा नये.

सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरात वरून पाऊस आणि पूर दोन्ही जातात, आणि कुठल्या तरी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच असतो. सायलेन्सर उतरवून उलटा करा. ही पायरी टाळली तर मॅनिफोल्डमध्ये साचलेलं पाणी नंतर आत जातं.

नोझल. डिझेलचे पाइप दोन्ही टोकांनी सोडवा, वाकवू नका, आणि प्रत्येक तोंडाला लगेच पिशवी बांधा. नोझल काढताना कुठली कोणत्या सिलिंडरची ते लिहून ठेवा. खालचा तांब्याचा वॉशर भोकातच चिकटून राहतो. तो आठवणीने काढा, नाहीतर नवा त्यावर बसेल आणि कॉम्प्रेशन गळेल. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरला हात लावू नका. तिथे हीटर प्लग काढा, त्याच भोकांतून पाणी निघतं.

हाताने फिरवा. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. सावकाश दोन पूर्ण फेरे घ्या. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा सगळं चक्र पुरं करतो. पिचकारी उडेल, म्हणून चेहरा भोकांवर नेऊ नका. नंतर दहा फेरे आणखी, आणि प्रत्येक भोकात कॉम्प्रेसरची हवा.

फेरा मध्येच अडला तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. तिथेच थांबा. गंजाने धरलं असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ३० मिलिलिटर घाला, एक-दोन दिवस मुरू द्या, मग मागे-पुढे हलकेच हलवून बघा. तरीही सुटत नसेल तर हेड उतरवण्याला पर्याय नाही.

आऱ्याची तपासणी. वाकलेला रॉड आखूड होतो, म्हणून त्याचा पिस्टन इतरांइतका वर येत नाही. सायकलचा आरा स्वच्छ पुसा. त्याची वाकडी डोकी बाहेर राहील अशा बेताने तो नोझलच्या भोकातून सरळ खाली सोडा, पिस्टनला टेकू द्या. दुसऱ्याने पाना अगदी हळू फिरवायचा. आरा हातात सैल धरलेला असावा, म्हणजे पिस्टनबरोबर तो वर येतो. वर येऊन जिथे तो थांबतो आणि परत खाली जायला लागतो, त्या क्षणी भोकाच्या काठाशी आलेल्या आऱ्याच्या भागावर चिकटपट्टीने खूण करा. तोच आरा, तोच कोन ठेवून सगळ्या सिलिंडरांना लावा. खुणा जुळल्या पाहिजेत. एका सिलिंडरची खूण एखादा मिलिमीटरही वेगळी आली, तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर इंजिन सुरू करू नका, हेड खोलून मिस्त्रीकडून रॉड तपासून घ्या. वाकलेल्या रॉडवर इंजिन आज चालेल, पण नांगरटीच्या भारात तो तुटून ब्लॉक फोडतो.

वेल्डिंगची कांडी यासाठी वापरू नका, तिच्यावरचं लेपण सिलिंडरमध्ये गळतं.

खुणा जुळल्या की प्रत्येक भोकात सिरिंजने १० मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि पाच-सहा फेरे फिरवा. लायनरवर ऑइलचा थर बसला, की मग घाई उरत नाही. भोकं झाकून रात्रभर थांबलात तरी चालेल.

## टप्पा ६: डिझेलचा मार्ग

टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं, पाणी तिथूनच जातं. टाकीखालचा ड्रेन उघडून पहिलं डिझेल बाटलीत घ्या आणि वीस मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याची स्पष्ट रेघ दिसते. पाणी निघालं तर टाकी पूर्ण रिकामी करून ताज्या डिझेलने खळबळून काढा. वरवरचं "चांगलं" डिझेल परत घालण्याचा मोह टाळा. पंपाच्या आतल्या फटी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजतात, पाण्याचा थेंबही तिथे गंज धरतो.

दोन्ही डिझेल फिल्टर बदला. पाणी वेगळं करणारी वाटी आणि फीड पंपाची जाळी धुवा. इनलाइन पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असेल तर तेही सोडा, त्यात हमखास पाणी सापडतं. रोटरी पंप डिझेलवरच वंगण घेतो. त्यात पाणी गेल्याची शंका असेल तर पंप आणि नोझल पंप-टेस्टिंगवाल्याकडे न्या. लातूर, बीड, नांदेडला असे बेंच आहेत.

## टप्पा ७: गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, हब

उन्हात किंवा कामात तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत खेचते. म्हणून सील शाबूत असतानाही मागच्या हाउसिंगमध्ये पाणी सापडतं. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहा: ऑइल दुधाळ असेल किंवा पातळी वाढली असेल तर सगळं सोडा. ट्रॅक्टरात गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल अनेकदा एकच असतं आणि माप मोठं असतं, त्यामुळे खर्च जड वाटतो. पण पाण्यावर चाललेली बेअरिंग आणि हायड्रॉलिक पंप त्याहून महाग पडतात.

जीपमध्ये दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि पुढच्या चाकांचे हब तपासा. सगळ्या निपलांना ग्रीस मारा, जुनं पाणीदार ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. ब्रेक ड्रम खोलून वाळवा.

## टप्पा ८: सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग

सेल्फ आणि अल्टरनेटर उतरवून खोला, चिखल धुवा, हवा मारा, सावलीत दोन दिवस किंवा उन्हात एक पूर्ण दिवस वाळवा. कार्बन ब्रश मोकळे सरकतात का ते बघा. पेट्रोलमध्ये बुडवून ठेवू नका, वार्निश सुटतं. वायरिंगचे सॉकेट उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. फ्यूजबॉक्स खालून पाहा, पाणी तिथेच अडकतं. कॉमन रेल गाडीचा ईसीयू भिजला असेल तर तो उघडण्याचं काम ईसीयू दुरुस्तीवाल्याचं.

## टप्पा ९: पहिला सेल्फ

नोझल अजून बाहेरच. चार्ज केलेली बॅटरी जोडा, भोकांवर फडकं ठेवा आणि इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून दहा सेकंद सेल्फ मारा. मिनिटभर थांबा. असं तीन-चार वेळा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझलाच नाही तर पुढे जाऊ नका, ऑइल पंपाची जाळी चोंदलेली असू शकते.

नंतर नव्या वॉशरसह नोझल बसवा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने सारखे आवळा. सायलेन्सर आणि एअर पाइप बसवा, पण क्लीनरजवळचं तोंड उघडं ठेवा.

एअर, म्हणजे डिझेलच्या मार्गात अडकलेली हवा, काढण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडची नटं. हातपंप मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळून पुढच्याकडे जा. कॉमन रेलमध्ये हाय प्रेशर पाइप सैल करून एअर कधीही काढू नका, ती धार कातडी भेदून आत शिरते.

आता ती फळी. सिलिंडरमध्ये आपण ऑइल सोडलं आहे. क्वचित इंजिन त्याच ऑइलवर पेट घेतं आणि डिझेल तोडलं तरी वेग वाढतच जातो. एक माणूस फळी घेऊन एअर इनलेटशी उभा हवा. तसं झालं तर तोंड फळीने गच्च झाकायचं. हात किंवा कापड लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

सुरू करा. फक्त आयडल, रेस नाही.

- प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.
- पांढरा धूर पाच-दहा मिनिटं चालेल, ती वाफ आहे. नंतरही राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन पाहा.
- ठरावीक ठेक्यात ठोका येत असेल तर बंद करून पुन्हा आरा लावा.

## टप्पा १०: दुसरी आणि तिसरी भरणी

दहा मिनिटांनी बंद करा आणि गरम असतानाच ऑइल सोडा. ते पुन्हा दुधाळ दिसेल, घाबरू नका. फिल्टर बदलून दुसरी भरणी करा. या वेळी तापमानाचा काटा मध्यावर येऊन अर्धा तास होईपर्यंत चालवा. चांगलं तापल्याशिवाय आत राहिलेला ओलावा वाफ होऊन ब्रीदरमधून जात नाही, दोन-दोन मिनिटं चालवून बंद केल्याने तो आतच राहतो. परत सोडा. नितळ निघालं तर तिसरी भरणी चांगल्या ऑइलची, तिसऱ्या फिल्टरसह. अजून चहाचा रंग असेल तर स्वस्त ऑइलची आणखी एक फेरी.

क्लचची दोरी आता सोडा आणि गिअर टाकून पाहा. प्लेट चिकटली असेल तर मोकळ्या रानात मिस्त्रीला बोलावून सोडवून घ्या, भिंतीसमोर प्रयोग नको.

पहिले दहा तास हलकं काम: रिकामी ट्रॉली, पाळी. नांगर नको. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी आणि पाणी वेगळं करणारी वाटी बघा. दहा तासांनी डिझेल फिल्टर पुन्हा बदला, कारण टाकीच्या कोपऱ्यातला गाळ आत्ताच हलून येतो. पंचवीस ते पन्नास तासांच्या दरम्यान इंजिन ऑइल आणि मागच्या हाउसिंगचं ऑइल पुन्हा एकदा बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी पाण्याची रेघ किंवा गाळ दिसला तर ते ऑइलही बदला.